मुडदूस, ऊन आणि 'ड' जीवनसत्त्व

मराठीत 'मुडदूस' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, आणि त्या दोहोंतील गोंधळ केवळ शाब्दिक नाही. घरातील वडीलधारी मंडळी अंगावर मांस न धरणाऱ्या, दिवसेंदिवस वाळत जाणाऱ्या मुलाला मुडदूस झाला असे म्हणतात. वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र हाच शब्द 'रिकेट्स' या अस्थिविकाराचा प्रतिशब्द म्हणून रूढ झाला आहे. पहिल्या अर्थाचे मूल उपाशी असते; दुसऱ्या अर्थाचे मूल पुष्कळदा गुटगुटीत असते. इतकेच नव्हे, तर उपासमारीने ज्याची वाढच खुंटली आहे अशा मुलात या अस्थिविकाराची लक्षणे फारशी उमटत नाहीत. कारण हा रोग वाढत्या हाडाचा आहे, आणि जे हाड वाढतच नाही ते वाकडे वाढणार कसे? अन्नाची आबाळ म्हणजे मुडदूस हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असल्यामुळे खात्यापित्या घरातील मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकू लागले तरी कोणाला संशय येत नाही. त्यात पुन्हा आपला देश उन्हाचा. 'ड' जीवनसत्त्व उन्हाने मिळते हे आता शाळकरी मुलेही जाणतात. तेव्हा येथे त्याची वाण पडेल कशी, असा प्रश्न सुशिक्षित मनुष्यही विचारतो. या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच नाशिक शहरात मिळाले होते. प्रस्तुत लेखात त्या उत्तराची थोडी विस्ताराने ओळख करून द्यावयाची आहे. परंतु त्यापूर्वी रोगाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

लहान मुलाच्या लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्यास वृद्धिकूर्चा म्हणतात. येथील पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे रांगांनी रचलेल्या असतात. त्या विभागतात, फुगतात आणि अखेरीस मरतात. त्यांच्या जागी कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार साठून कठीण अस्थी तयार होते. हाड लांब होते ते अशा रीतीने. 'ड' जीवनसत्त्व कमी पडले की आतड्यातून कॅल्शियमचे शोषण मंदावते. रक्तातील कॅल्शियमची पातळी घसरू लागताच गळ्यातील परावटू ग्रंथी अधिक संप्रेरक सोडतात. हे संप्रेरक हाडातील कॅल्शियम काढून रक्तात आणते खरे, परंतु त्याच वेळी मूत्रपिंडावाटे फॉस्फेट बाहेर टाकण्यास भाग पाडते. फॉस्फेट घटले म्हणजे वृद्धिकूर्चेतील फुगलेल्या पेशी वेळेवर मरत नाहीत. चळत वाढतच जाते, क्षार मात्र साठत नाहीत, आणि कठीण हाडाच्या जागी मऊ, रुंद, बेढब असा पुंजका तयार होतो. मनगटे जाड दिसतात ती यामुळे. बरगड्या आणि छातीच्या कूर्चा यांच्या सांध्यांवर मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात. इंग्रज वैद्यांनी तिला जपमाळेची उपमा दिली. टाळू लवकर भरत नाही, कपाळ पुढे येते, दात उशिरा फुटतात, मूल चालावयास उशीर लावते, आणि चालू लागले की शरीराच्या भाराने पाय वाकतात.

वाकडे पाय डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांचीच चर्चा अधिक होते. वास्तविक त्याहून गंभीर गोष्टी दृष्टीआड राहतात. काही महिन्यांच्या बालकाला अचानक आकडी येते, ज्वर नसतो, मेंदूत दोष सापडत नाही, आणि रक्त तपासले असता कॅल्शियम अत्यल्प असल्याचे आढळते. क्वचित हृदयाचा स्नायू दुर्बल होऊन बालक दगावते. मुलीच्या बाबतीत आणखी एक परिणाम असतो व तो वीस-पंचवीस वर्षांनी प्रगट होतो. बालपणी किंवा वयात येताना मऊ पडलेली श्रोणीची हाडे आत दबली तर प्रसूतीचा मार्ग अरुंद होतो. शस्त्रक्रियेने प्रसूती सुरक्षित होण्यापूर्वीच्या काळात अशा स्त्रीचे बाळंतपण म्हणजे अनेकदा माता व अर्भक या दोघांचाही मृत्यू असे.

या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन सतराव्या शतकातील आहे. डॅनियल व्हिसलर याने १६४५ साली लायडेन येथे त्यावर प्रबंध सादर केला आणि फ्रान्सिस ग्लिसन याचा सविस्तर ग्रंथ १६५० साली निघाला. पुढे कोळशाच्या धुराने झाकलेल्या औद्योगिक शहरांत हा रोग घरोघरी दिसू लागला. ब्रिटिश वैद्यक परिषदेने १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशात तो कारखान्यांच्या गावांभोवती दाट आणि खेड्यांत विरळ असल्याचे स्पष्ट दिसत होते. थिओबाल्ड पाम नावाच्या डॉक्टराने जपानमध्ये काही वर्षे वैद्यकीय सेवा केली होती. तेथे त्याला हा रोग जवळजवळ आढळलाच नव्हता. मायदेशी परतल्यावर त्याने निरनिराळ्या देशांतील मिशनरी डॉक्टरांकडून माहिती मागविली आणि १८९० साली असा निष्कर्ष काढला की, आशियातील गरीब, अस्वच्छ, अपुरे खाणाऱ्या वस्त्यांतील मुले या रोगापासून मुक्त असतात ती उन्हामुळे. त्याचे म्हणणे बरोबर होते, परंतु त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये या विषयावर दोन तट पडले होते. ग्लासगो येथील फिंडले प्रभृती मंडळींचे म्हणणे असे की, कोंदट घरे आणि मोकळ्या हवेत हालचालीचा अभाव हेच या रोगाचे मूळ होय. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी याने कुत्र्याच्या पिलांना मुख्यतः धान्यावर वाढवून त्यांच्यात मुडदूस निर्माण केला व कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊन तो घालविला; १९१८-१९ सालचे त्याचे हे प्रयोग निःसंशय मोलाचे होते. अर्थात त्याच्या मते रोग अन्नाचा. पिले बंदिस्त जागेत ठेवलेली होती, ही गोष्ट मात्र त्याला महत्त्वाची वाटली नाही. वाद असा अडला होता की त्याचा निकाल लावण्यास एक विशिष्ट प्रकारचा समाज हवा होता. जेथे अन्न उत्तम पण ऊन नाही आणि अन्न निकृष्ट पण ऊन भरपूर, असे दोन गट एकाच गावात, एकाच हवेत शेजारी शेजारी राहतात असा समाज. ब्रिटनमध्ये तो मिळणे शक्य नव्हते. तेथे ज्याच्या घरात ऊन नाही त्याच्या ताटातही काही नसे.

नाशिकमध्ये तो मिळाला. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी तेथील मुलांचे निरीक्षण करून १९२२ साली आपला निबंध इंग्लंडमधील एका वैद्यकीय त्रैमासिकात प्रसिद्ध केला. त्यापूर्वी हचिसन यांनी पटेल यांच्यासह मुंबई शहरातील अस्थिमार्दवाविषयी लिहिले होते. प्रौढ वयात हाडे मऊ होण्याचा हा विकार म्हणजे मुडदुसाचेच मोठ्या माणसातील रूप. त्यांना असे दिसले की पडदा पाळणाऱ्या सुस्थितीतील कुटुंबांत, मग ती मुसलमान असोत वा हिंदू, अर्भकांना मुडदूस सर्रास होतो. या घरांत खाण्यापिण्याची ददात नव्हती. परंतु स्त्रिया माजघराबाहेर पडत नसत आणि त्यांच्याबरोबर तान्ही मुलेही महिनोन्महिने अंधाऱ्या खोल्यांतच राहत. उलट गरीब हिंदू मजुरांच्या स्त्रिया मूल पाठीशी किंवा कडेवर घेऊन शेतावर जात. त्यांचे अन्न कोणत्याही मापाने हलके होते, पण त्यांच्या मुलांत हा रोग दिसत नव्हता. येथे संपत्ती आणि रोग यांचे नाते ग्लासगोच्या बरोबर उलटे झाले होते. गरिबी नव्हे, धर्म नव्हे, हवामान नव्हे. घराची रचना आणि बाहेर पडण्याची मुभा हाच तो भेद.

आमच्या मते या निबंधाचे महत्त्व भारतात पुरेसे ओळखले गेलेले नाही. कॉड माशाचे तेल आणि बर्लिनचा दिवा यांचे उल्लेख प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतात. नाशिकचा क्वचितच सापडतो. काश्मीरमध्ये काम करणाऱ्या कॅथलीन व्हॉन या स्त्री-डॉक्टरांनीही पडद्यातील स्त्रिया आणि नावांवर उघड्यावर राहणाऱ्या स्त्रिया यांच्या प्रसूतींतील अंतर पाहून १९२८ साली याच दिशेचे पुस्तक लिहिले. आणि ग्लासगोचा योगायोग तर पाहण्यासारखा आहे. जुने आंग्ल रुग्ण तेथून दिसेनासे होत आले असता १९६२ साली त्याच शहरात भारतीय उपखंडातून जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलामुलींत हा रोग पुन्हा आढळला.

दोन्ही तटांचा समेट प्रयोगशाळेत झाला. बर्लिनचा कुर्ट हुल्डशिन्स्की याने १९१९ मध्ये मुलांवर पारद-दिव्याचे जंबुपार किरण, ज्यांना आता अतिनील म्हणतात, टाकून क्ष-किरण चित्रांच्या साह्याने हाडे भरत असल्याचे दाखविले. त्याने केवळ एकाच हातावर किरण टाकले असताही दुसऱ्या हाताची हाडे सुधारली. याचा अर्थ त्वचेत काहीतरी तयार होऊन ते रक्तावाटे सर्वत्र जाते. व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धोत्तर दुर्भिक्षाच्या दिवसांत अर्भकांवर केलेल्या काळजीपूर्वक निरीक्षणांत तेल आणि ऊन दोन्ही सारखेच गुणकारी ठरले. मॅकॉलम याने १९२२ साली तेलातील या घटकास 'ड' हे अक्षर दिले. दोन वर्षांनी स्टीनबॉक आणि हेस यांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की अन्नावरच हे किरण टाकले तर त्या अन्नाला मुडदूस बरा करण्याचा गुण येतो. म्हणजे तेल आणि ऊन हे एकाच पदार्थाचे दोन उगम. या वर्गातील द्रव्यांच्या संशोधनाबद्दल विंडाउस यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खरे पाहता ज्याला शरीर स्वतः बनविते ते जीवनसत्त्व नव्हेच. ते संप्रेरकाचे पूर्वरूप होय. पण नाव एकदा रूढ झाले की शास्त्रही त्यापुढे हतबल होते.

त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जवळचे एक पूर्वद्रव्य असते. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्यावर पडले की त्याचे रूपांतर होते आणि शरीराच्या उष्णतेने पुढे 'ड' जीवनसत्त्व बनते. यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात त्यावर एकेक संस्कार होऊन ते कार्यक्षम होते. ऊन अति झाले तर त्वचेतील द्रव्य दुसऱ्याच निरुपयोगी पदार्थांकडे वळते. म्हणून उन्हाने 'ड' ची विषबाधा होत नाही. ही निसर्गाची योजना चोख आहे. परंतु या तरंगलांबीचे किरण नाजूक असतात. साधी काच त्यांना अडविते, धूर आणि धूळ त्यांना शोषून घेतात, वस्त्र त्यांना थांबविते, सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य त्यांचा बराच भाग स्वतःकडे घेते. बंद खिडकीतून अंथरुणावर आलेला कवडसा डोळ्यांना कितीही सुखद वाटला तरी हाडांच्या उपयोगाचा नाही.

आणि ते कोवळ्या उन्हातही फार थोडे असतात. हे विधान अनेकांना रुचणार नाही याची जाणीव आहे. तान्ह्या बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात न्यावे ही आपल्याकडील रीत जुनी व प्रेमळ आहे. पण सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना वातावरणाचा तिरकस, लांब प्रवास करावा लागतो आणि त्यात नेमके हवे ते किरण गळून पडतात. त्यासाठी एक सोपे गमक आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर 'ड' ची निर्मिती नगण्य समजावी. तिरुपती येथे केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सर्वाधिक निर्मिती सकाळी ११ ते दुपारी २ या वेळात आढळली. या गमकाने नाशिक आणि ग्लासगो यांची तुलना करून पाहावी. नाशिक सुमारे २० अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही माध्यान्हीची सावली माणसाच्या उंचीहून किंचित आखूडच पडते. म्हणजे वर्षातील एकही दिवस निरुपयोगी नाही. ग्लासगो ५६ अक्षांशाजवळ असल्याने त्याच दिवशी तेथील सावली उंचीच्या पाचपटींहून लांब असते. तेथे आकाशच कंजूष आहे. येथे आकाश देते आणि भिंत घेऊ देत नाही. दुपारच्या कडक उन्हात तान्ह्या बाळाला ठेवावे असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तसे करणे घातक ठरेल. सांगावयाचे ते इतकेच की कोवळ्या उन्हावर विसंबून निर्धास्त राहता येत नाही.

पडदा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, पण भिंती वाढल्या आहेत. दिल्लीतील दाट वाहतुकीच्या मोरी गेट भागातील आणि तुलनेने स्वच्छ हवेच्या गुडगावमधील ९ ते २४ महिन्यांच्या मुलांची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली. रक्तातील 'ड' चे सरासरी प्रमाण मोरी गेटमध्ये दर मिलिलिटरमागे १२.४ नॅनोग्रॅम, तर गुडगावमध्ये २७.१ नॅनोग्रॅम भरले. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १२ नॅनोग्रॅमखालील पातळी ही कमतरता मानून मोजणी झाली. १ ते ४ वर्षांच्या बालकांत ती १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या मुलांत १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या वयोगटात २४ टक्के आढळली. वय वाढते तसे प्रमाण वाढावे हे सूचक आहे; बालपण ओलांडताना मूल उघड्यावरून वर्गात आणि घरात शिरते. मात्र रक्तातील कमी पातळी म्हणजे मुडदूस नव्हे. कमी पातळीच्या पुष्कळ मुलांची हाडे सरळच वाढतात. तेव्हा या टक्केवारीला रोग्यांची संख्या समजणे चूक ठरेल.

मग कोणाला रोग जडतो? येथे कॅल्शियमचा प्रश्न येतो, आणि उन्हाच्या देशांत तो विशेष महत्त्वाचा आहे. नायजेरियातील जोस येथे उन्हाची कमतरता मुळीच नाही, तरी तेथे मुडदूस आढळतो. तेथील १२३ मुलांवर केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काहींना केवळ 'ड', काहींना केवळ कॅल्शियम, काहींना दोन्ही देण्यात आले. ज्यांना कॅल्शियम मिळाले ती मुले, 'ड' सोबत असो वा नसो, अधिक चांगली सुधारली. अर्थात उणीव आहाराची होती. आपल्याकडेही ज्या घरात दूध विकले जाते पण प्याले जात नाही, तेथे हे घडू शकते. धान्यांतील फायटेट हे द्रव्य कॅल्शियमला आतड्यातच धरून ठेवते. त्यामुळे निव्वळ भाकरी-पोळीवर वाढणाऱ्या मुलाची तूट आणखी वाढते. मेलनबीच्या ओटवर वाढलेल्या पिलांचेही हेच झाले होते. नाचणीत दर १०० ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. नाचणीतही फायटेट असते, म्हणून ते सर्वच पदरी पडते असे नाही. तरीही तान्हेपण सरल्यावर मुलाला नाचणीचे सत्त्व देण्याची रीत विचारपूर्वक पडली असावी असे वाटते. थोडे 'ड' आणि थोडे कॅल्शियम अशी दोन्ही अपुरी असली की, एकट्या उणिवेने न होणारा रोग दोहोंच्या संगतीने होतो.

तान्ह्या बाळाची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्याला लागणारा साठा मातेकडून येतो. मातेच्याच रक्तात 'ड' कमी असेल तर बालक जन्मतःच रिक्त हाताने येते. आईचे दूध सर्व बाबतींत श्रेष्ठ असले तरी त्यात 'ड' फार थोडे असते. एका लिटरला सामान्यतः शंभर आंतरराष्ट्रीय एककांहूनही कमी. बालकाची रोजची गरज ४०० एककांची, म्हणजे १० मायक्रोग्रॅमची. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना, कित्येकदा त्याहून अधिक काळ, वारा लागू नये म्हणून बंद खोलीत राहतात, तेथे ही तूट कोण भरून काढणार? म्हणून पहिले वर्षभर प्रत्येक बालकाला, ते अंगावर पीत असो वा नसो, रोज ४०० एककांचे थेंब द्यावेत अशी शिफारस तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सभेने २०१६ साली केली, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांचेही मत तेच आहे. या थेंबांचा खर्च थोडा आणि सवय लावणे सोपे. दूध व खाद्यतेल यांत 'अ' आणि 'ड' मिसळण्याची मानके आपल्याकडे २०१८ पासून ठरलेली आहेत. पण सहा महिन्यांच्या आतील मुलाला त्यांचा प्रत्यक्ष उपयोग नाही.

औषधाने मात्र अति होऊ शकते. त्वचेला स्वतःला थोपविता येते, तोंडाने घेतलेल्या मात्रेला कोणी थोपवीत नाही. ब्रिटनमध्ये युद्धानंतर दुधाची भुकटी, धान्यपदार्थ, तेल अशा सर्वांतच 'ड' मिसळले जाऊ लागले आणि १९५० नंतर अर्भकांत रक्तातील कॅल्शियम धोकादायक रीतीने वाढल्याची प्रकरणे पुढे आली. १९५७ साली तेथे ते प्रमाण उतरवावे लागले. आपल्याकडे ६०,००० एककांच्या पुड्या सहज मिळतात. आठवड्यातून एकदा घ्यावयाची पुडी रोज दिली गेली तर उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडात क्षार साठणे असे परिणाम होतात. ही चूक घरात होते, आणि ती होऊ नये म्हणून चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' हे शब्द मराठीत, ठळक लिहिणे ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे.

योग्य मात्रेत 'ड' आणि कॅल्शियम दिले असता हाडे लवकर प्रतिसाद देतात. काही आठवड्यांतच क्ष-किरण चित्रात वृद्धिकूर्चेच्या कडेला क्षारांची एक पांढरी रेघ उमटते. पूर्वीची फाटकी, धूसर कड तिच्यामागे भरून येऊ लागते. लहान वयात पाय पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप सरळ होतात, शस्त्रक्रियेची गरज भासत नाही. तीन महिन्यांच्या उपचारानंतरही ती रेघ दिसली नाही, तर औषध खरोखर पोटात गेले की नाही याची प्रथम खात्री करावी. ते गेले असेल तर रोग दुसरा आहे असे समजावे. मूत्रपिंडातून फॉस्फेट गळून जाण्याचे काही आनुवंशिक विकार हुबेहूब मुडदुसासारखेच दिसतात. त्यांत 'ड' च्या मात्रेवर मात्रा देत राहिल्याने हाड तर भरत नाहीच, मूत्रपिंड मात्र बिघडते. अशा मुलाला विलंब न लावता मूत्रपिंड व हाडांच्या विकारांची तपासणी होऊ शकेल अशा रुग्णालयात पाठवावे.